हिचं वाण, बहिणीचं दुकान

बडोदे शहराच्या समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या बाल्कन्या, जाळ्या, दरवाजे आणि दोरीवर वाळत घातलेल्या साड्या यांच्याकडे भर रस्त्यात उभी राहून टक लावून बघणारी जी बाई आपणांस वर्षानुवर्षे दिसत असे, ती चोर नव्हती, पालिकेची माणूस नव्हती आणि घर विकत घ्यायलाही आलेली नव्हती. ती माझी बायको होती. ज्यांनी घाबरून खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्यांनी आता त्या उघडायला हरकत नाही. ती आता बघत नाही.

माझी सासुरवाडी करजणची. सासरे रेल्वेत होते. हिचं सगळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं, आणि तिथे भिंतीपासून संडासाच्या दारापर्यंत सगळ्याला रेल्वेनं एकच रंग फासलेला. त्यामुळे लग्न होऊन बडोद्यात आल्यावर ही जी सुटली ती सुटलीच. इथे प्रत्येक घर वेगळं नटलेलं. कुणाच्या ओट्यावर हिरव्या-तांबड्या फरश्या, कुणाच्या दारावर लाकडी पोपट. जत्रेत हरवलेल्या पोरासारखी ही फिरायची, फक्त रडायची नाही.

मी कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जाणारा माणूस. आमचे पणजोबा म्हणे राजवाड्यात कारकून होते, म्हणून घरात आम्ही स्वतःला 'दरबारी' समजायचो. त्या दरबाराचा वारसा म्हणून माझ्या वाट्याला पगडी ठेवायची एक पेटी आली. पगडी आली नाही. पेटीत ही चिंध्या ठेवायची.

स्कूटरवर मागे बसलेली बायको एकाएकी "थांबा!" म्हणून किंचाळली, तर माणूस काय समजेल? पदर चाकात गेला. मी करकचून ब्रेक मारायचो, मागचा टेम्पोवाला अस्सल गुजरातीतून माझ्या घराण्याचा उद्धार करायचा, आणि ही शांतपणे म्हणायची,

"अहो, त्या रसाच्या गाड्यावरच्या ताडपत्रीचा निळा बघितलात? आणि त्याखाली लिंबांचा ढीग?"

"बघितला."

"कुठे बघितलात? तुम्ही माझ्याकडे बघताय."

"तुझ्याकडेच बघणार! मरता मरता वाचलो आत्ता!"

पुढच्या आठवड्यात ही निळा ब्लाउज घालून यायची, त्याला लिंबाच्या रंगाची बारीक किनार. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, कुठल्या बुटीकमधून? ही म्हणायची, रसाच्या गाड्यावरून. त्यांना वाटायचं, सांगायचं नाही म्हणून थट्टा करतेय.

एकदा मांडवीच्या आतल्या एका गल्लीत ही अशीच खिळली. समोर जुनं घर, वरच्या मजल्याला लाकडी जाळी. ओट्यावरच्या हिंचक्यावर एक म्हाताऱ्या बा शेंगा सोलत बसलेल्या. बराच वेळ त्यांनी दम धरला, मग विचारलं, "कोनुं घर शोधो छो, बेन?"

"कोईनुं नहीं, बा. तमारी जाळी जोउं छुं."

"जाळीमां शुं जोवानुं?"

हिनं दाखवलं. एक फूल सरळ, एक फूल उलटं, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत उमटलेलं तिसरंच फूल, जे कुणी कोरलेलं नव्हतं. बा चष्मा पुसून उठल्या, रस्त्यात आल्या, आणि हिच्या शेजारी उभ्या राहून स्वतःच्या घराकडे बघायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या त्या जाळीमागे राहत होत्या. त्यांनी ती आतूनच बघितली होती. मग आम्हाला चहा झाला. मी स्कूटर सावलीत लावायला गेलो तेवढ्यात त्या दोघींनी एकमेकींच्या साडीचे पदर तपासूनही घेतले होते.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. कोयलीला आमच्या चिमणीच्या टोकावर सदा जळणारी एक ज्योत आहे. तिच्याखाली माझं आयुष्य गेलं, आणि मी तिच्याकडे बघून फक्त एवढंच ओळखायला शिकलो होतो की आज ती जास्त मोठी आहे, म्हणजे कुणाची तरी खरडपट्टी निघणार. एका संध्याकाळी कॉलनीतल्या समारंभाला हिला घेऊन गेलो. समारंभ राहिला बाजूला. परत आल्यावर हिनं काळ्या मांजरपाटाची पिशवी शिवली, तिच्यावर खालून वर जाणारी केशरी पट्टी, आणि केशरी संपता संपता निळा. पिशवीचा बाहेरचा खिसा मात्र ओळखीचा वाटला. माझ्या कामावरच्या डगल्याचा खिसा, तशीच दुहेरी शिलाई. मी कपाट उघडून डगला शाबूत असल्याची खात्री करून घेतली.

हे सगळं जायचं कुठे, तर वाणात.

गुजरातेत संक्रांत म्हणजे उत्तरायण. ते दोन दिवस अख्खं बडोदं गच्चीवर असतं, पतंग काटल्याच्या 'काप्यो छे' आरोळ्यांत कुणाला हळदकुंकू ऐकू जात नाही. म्हणून आमच्याकडचं हळदीकुंकू पतंग संपल्यावरच्या रविवारी. काळ्या साड्या नेसून बायका यायच्या, मराठी तर यायच्याच, शेजारच्या गुजराती बेनही हौसेनं यायच्या. हळदकुंकू, तिळगूळ, आणि हातावर वाण. इतर घरी वाण म्हणजे कंगवा, चहाची गाळणी, प्लास्टिकची डबी. आमच्याकडे ही दिवाळीपासून शिवायला बसायची. दर वर्षी नवी वस्तू, येणाऱ्या प्रत्येकीला एकेक. एका वर्षी बांच्या जाळीचा उशीचा अभ्रा. एका वर्षी सूरसागर तलावाच्या पाण्यात हलणाऱ्या दिव्यांचं टेबलावरचं कापड. एका वर्षी ज्योतीची पिशवी. आणि देताना ही प्रत्येकीला सांगायची, हे मी कुठे बघितलं. पुष्कळ जणी ऐकताना दाराकडे बघत असायच्या, अजून चार घरं करायची असायची.

माझी आई होती तेव्हा तिनं हिला पहिल्याच संक्रांतीला बजावलं होतं, "वाण हातावर ठेवलं की विसरायचं. कुणी वापरलं, कुणी मोलकरणीला दिलं, विचारायचं नाही. आणि परत तर कधीच मागायचं नाही." हिनं ते इतकं मनावर घेतलं की स्वतःसाठीही एक ठेवायची नाही. म्हणायची, वाणातलं आपल्याला कसं चालेल?

या सगळ्यांत आधी यायची ती माझी धाकटी बहीण. अलकापुरीकडे तिचं घर, दारात गाडी, गाडीच्या काचांना काळे पडदे. दारातूनच आवाज यायचा, "वहिनी, यंदा वाण काय?" ती मात्र मन लावून ऐकायची. कुठे बघितलं, कधी बघितलं, बा काय म्हणाल्या, सगळं. आणि जाताना, "जावेसाठी एक दे ना गं." मला खरंच वाटायचं, घरात हिचा डोळा ओळखणारं एक माणूस आहे.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली, माझे वडील जाऊनही बराच काळ लोटला होता, घर एकदम मोकळं झालं. तेव्हा एका दुपारी हिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, मला एकदा प्रदर्शन भरवायचंय."

"कसलं?"

"माझ्या वस्तूंचं. दांडियाबाजारातला तो लहान हॉल मिळतो. विकायचं काही नाही. नुसतं मांडायचं. आणि प्रत्येकाखाली लिहायचं, हे कुठे बघितलं. लोकांनी वाचायचं आणि बाहेर पडून बघायचं. एवढंच."

"एवढंच" म्हणताना तिचा आवाज असा निघाला की मी थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं. हे ती नुकतंच ठरवून बोलत नव्हती. माझ्या वडिलांचं दुखणं, मुलीच्या परीक्षा, माझ्या पाळ्या, या सगळ्यांमागे ते रांगेत उभं होतं, आणि आता त्याचा नंबर आला होता.

अडचण एकच. उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेल्या एका तक्क्याच्या अभ्र्याखेरीज मांडायला घरात काहीच नव्हतं. इतक्या वर्षांचं काम बडोदेभर कुणाच्या सोफ्यावर, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मोलकरणीच्या घरी. नव्यानं सगळं करायचं तर ते कापड आता मिळत नाही, आणि तो हातही पूर्वीचा राहिलेला नाही. परत मागायचं नाही, हे आईनं सांगून ठेवलेलं. ही बरेच दिवस त्याच्याभोवती घुटमळली. शेवटी स्वतःची अशी समजूत घातली की नणंद म्हणजे घरचीच, तिच्याकडून दोन दिवसांपुरतं आणलं तर ते मागणं होत नाही. आणि वन्संनी सगळं जपून ठेवलंय, त्या दर वर्षी सांगतात.

आम्ही गेलो. बहिणीनं खरोखरच सगळं जपून ठेवलं होतं. जेवणाच्या मोठ्या टेबलावर ते ओळीनं मांडलेलं होतं. अभ्रे, पिशव्या, कापडं, एकही वर्ष सुटलेलं नव्हतं. फक्त ते उसवलेलं होतं. प्रत्येक शिवण उसवून, कापड सपाट करून, इस्त्री मारून, खाली खाकी कागदावर त्याचा बेत, म्हणजे कापायचा नमुना, काढून घेतला होता. एक कारागीर पेन्सिल कानावर ठेवून ज्योतीच्या पिशवीचा खिसा मोजत होता. माझ्या डगल्याचा खिसा.

"अय्या, वहिनी! मीच फोन करणार होते! तुला सरप्राइज द्यायचं होतं," बहीण म्हणाली. "दुकान काढतेय. घरातल्या वस्तू आणि कपडे. जागा मिळाली बघ, अगदी चौकातली."

ही टेबलाजवळ गेली. जाळीच्या अभ्र्याचा उसवलेला तुकडा तिनं उचलला, काठावर सुईची भोकं रांगेत दिसत होती. तिनं तो परत ठेवला, होता तसाच, कोपऱ्याला कोपरा लावून.

"उसवल्याशिवाय बेत घेता येत नाही ना गं," बहीण म्हणाली. "तुझी शिवण इतकी पक्की, माणूस कंटाळला उसवून!"

"हो," ही म्हणाली. "मी दुहेरी घालते."

"बैस ना. तू कशी काय आलीस आज?"

"सहज. इकडे काम होतं."

चहा घेतला, खाखरे खाल्ले, निघालो. स्कूटरला किक मारायच्या आधीच मी युद्ध पुकारलं. मी असं करीन, मी तसं बोलीन, लहानपणी बहिणीनं माझी गोष्टींची पुस्तकंही अशीच लाटली होती. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले इतका माझा प्रयोग रंगला. ही मागे बसली आणि म्हणाली, "चला."

"अगं, चला काय! तुझं आहे ते!"

"माझं कुठलं? वाण आहे ते. मी हळदकुंकू लावून दिलंय."

"म्हणून तिनं दुकान मांडायचं?"

"वापरलं कुणी, कसं वापरलं, विचारायचं नाही. चला आता, ऊन लागतंय."

मी न राहवून दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला. ती मनापासून चकित झाली. "दादा, वहिनी काही म्हणाली का?"

"ती काय म्हणणार?"

"मग तू का मध्ये पडतोस? उलट तिच्या वस्तूंना मी जगासमोर आणतेय. माळ्यावर सडल्या असत्या तर बरं वाटलं असतं का तुला?"

मी फोन ठेवला. थोडक्यात, नियम आमच्या घरचा, आणि त्याचा फायदा चौकातल्या दुकानाला.

उद्घाटनाला बोलावणं आलं. गेलो. ही काठाची साधी साडी नेसली होती. दुकान सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मागच्या भिंतीवर बांची जाळी छताला टेकेल एवढी मोठी रंगवली होती, आणि तिच्यापुढे उभं राहून बहीण एका पत्रकार मुलीला सांगत होती, "मला ना, सवयच आहे. मी या शहरात फिरते आणि बघत राहते. रसाच्या गाड्यावरची ताडपत्री, तिच्याखाली लिंबं... प्रेरणा काय, रस्त्यावर पडलेली असते. आपल्याला फक्त थांबता आलं पाहिजे."

काळ्या पडद्यांच्या गाडीतून ताडपत्री कशी दिसते, हे पत्रकार मुलीनं विचारलं नाही.

"आणि ही जाळी?"

"ती मांडवीची. ओट्यावर एक बा होत्या. मी त्यांना म्हटलं, बा, तमारी जाळी जोउं छुं. त्या रस्त्यात येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मग मला चहा पाजला."

आम्ही दोघं वेफरच्या बशीजवळ उभे होतो. मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता ही बोलणार. ही वाकून माझ्या कानात म्हणाली, "चहात आलं घातलं होतं. ते नाही सांगितलं वन्संनी." आणि बशीतला एक वेफर उचलून बराच वेळ नुसता हातात धरून उभी राहिली.

पिशव्या, अभ्रे गेले तेव्हा ती काही बोलली नव्हती. बा गेल्या तेव्हा मात्र तिचं काहीतरी गेलं, ते मला दिसलं. बहिणीनं हिची दुपार नेली होती. आमचा चहा नेला होता. मी सावलीत लावलेली स्कूटरसुद्धा नेली असणार, फक्त तिच्या गोष्टीत मी नव्हतो.

प्रदर्शनाचं नाव पुन्हा निघालं नाही. निघूनही काय उपयोग होता? महिन्याभरात सोसायटीतली नवी शेजारीण विरजण मागायला आली, आमच्या दिवाणावरच्या तक्क्याकडे बघून म्हणाली, "अरे वा, आंटी! ये तो अलकापुरीवाली शॉप का है ना? मैंने भी वहीं से लिया." हिनं हसून विरजण दिलं. दार लावून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी त्या तक्क्याचा अभ्रा काढून पांढरा घातला.

आणि मग तिनं थांबणं बंद केलं. म्हणजे स्कूटर थांबवणं. मला आधी बरंच वाटलं, ब्रेकपॅड टिकतील. मग मांडवीतून जाताना मीच गाडी हळू करायला लागलो. मुद्दाम. एका बाल्कनीत ओळीनं तीन साड्या, जांभळी, पोपटी आणि विटकरी, वाऱ्यानं एकमेकींत गुंतत होत्या. मला दिसल्या! माझ्यासारख्या माणसाला दिसल्या! मी हात वर करून सर्कशीच्या मालकासारखं ओरडलो, "अगं, ते बघ!"

"सिग्नल सुटलाय," ही म्हणाली. "मागचे हॉर्न वाजवताहेत."

दिवाळी आली, गेली. शिलाई मशीनवर कपड्यांची थप्पी साचली. उत्तरायणाच्या आधी एक दिवस ही एकटी रिक्षानं मंगळबाजारात गेली आणि एक मोठं पोतं घेऊन आली. त्यात प्लास्टिकच्या डब्या होत्या. गुलाबी, झाकणावर बदकाचं चित्र. झाकण नीट बसत नव्हतं. मी एक डबी उचलून बघत राहिलो.

"बरी आहे की," ही म्हणाली. "हळद ठेवता येईल."

हळदीकुंकवाच्या दिवशी आमच्या घरात पुरुषाला स्वयंपाकघरापुरतीच मुभा असते. मी तिथे तिळगुळाच्या वड्या बशांत लावत होतो आणि पडद्याच्या फटीतून बाहेरचा खेळ बघत होतो. बायका येत होत्या, बसत होत्या, हातावर डबी घेत होत्या. हात पुढे करताना प्रत्येकीचा चेहरा फुललेला असायचा, आणि डबी हातात पडली की तो चेहरा सभ्यपणे जागच्या जागी राहायचा. "छान आहे हं," "उपयोगी आहे," "बदक गोड आहे." कुणी विचारलं नाही, हे कुठे बघितलं. ज्या पूर्वी ऐकताना दाराकडे बघायच्या, त्या आज ऐकायला थांबल्या होत्या. सांगायला काही नव्हतं.

बहीण या वेळी उशिरा आली, दुकान बंद करून. काळी रेशमी साडी, हातात स्वतःच्या दुकानाची पिशवी, त्यावर केशरी संपता संपता निळा. दारातूनच, नेहमीच्या त्याच आवाजात, "वहिनी, यंदा वाण काय?"

ही उठली. तिला पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला. काही कमी केलं नाही. मग गुलाबी डबी तिच्या हातावर ठेवली आणि नमस्कार केला.

बहिणीनं डबी उलटी करून बघितली. झाकण उघडलं. आत काही दुमडून ठेवलंय का, ते बोट घालून बघितलं. मग तिनं पोत्याकडे बघितलं, शिलाई मशीनवरच्या थप्पीकडे बघितलं, पुन्हा हातातल्या बदकाकडे बघितलं. भरलेल्या खोलीत, सगळ्या बायकांदेखत, तिच्या तोंडून निघून गेलं,

"अगं वहिनी, असं केलंस तर पुढच्या वर्षी मी दुकानात ठेवू काय?"